सुपरमार्केटचा रॅक टेक्निशियन: दुधाच्या फ्रीजमागची यंत्रणा, रोजचं काम आणि करिअर

सुपरमार्केटमध्ये गेल्यावर दूध, दही, चीज, आइस्क्रीम ठेवलेली लांबच लांब काचेची कपाटं तुम्ही नक्की पाहिली असतील. एक प्रश्न कधी पडला का? घरचा एवढासा फ्रीज चालू झाला की मागून घरघर ऐकू येते, मग तीस-चाळीस फ्रीजएवढं थंड करणारी ही कपाटं इतकी शांत कशी?

कारण त्यांचा कंप्रेसर तिथे नसतोच. तो दुकानाच्या मागे, छतावर किंवा पोटमाळ्यावरच्या मशीन रूममध्ये असतो. तोही एकटा नाही, एका लोखंडी चौकटीवर ओळीने बसवलेले अनेक कंप्रेसर. या चौकटीला म्हणतात रॅक. आणि रात्री दोन वाजता हा रॅक बंद पडला तर ज्याचा फोन वाजतो, तो माणूस म्हणजे रॅक रेफ्रिजरेशन टेक्निशियन.

या लेखात आपण पाहूया की रॅक चालतो कसा, टेक्निशियन नेमकं काय करतो, धोके कुठे आहेत, आणि आपल्याकडच्या मुलांना या क्षेत्रात यायचं असेल तर सुरुवात कुठून करायची. उदाहरणं मुख्यतः अमेरिकेतली आहेत, कारण तिथल्या मोठ्या सुपरमार्केटमध्ये ही यंत्रणा सर्रास वापरली जाते. शेवटी महाराष्ट्राकडे येऊ.

थोडक्यात माहिती

- काम: सुपरमार्केटच्या सामायिक कूलिंग यंत्रणेची देखभाल, दुरुस्ती आणि बसवणी
- लागणारं ज्ञान: रेफ्रिजरेशन, थ्री-फेज वीज, कंट्रोलर, ब्रेझिंग
- अमेरिकेत बंधनकारक: कलम ६०८ चं प्रमाणपत्र
- आपल्याकडची सुरुवात: दहावीनंतर आयटीआयचा दोन वर्षांचा ट्रेड
- सगळ्यात मोठी अडचण: रात्री-अपरात्री येणारे कॉल
- सगळ्यात मोठा फायदा: अनुभवी माणसाला काम शोधत फिरावं लागत नाही

रॅक म्हणजे नेमकं काय?

घरच्या फ्रीजमध्ये एक कंप्रेसर, एक थंड कॉइल आणि मागे एक गरम जाळी असते. सुपरमार्केटमध्ये थंड कॉइल पन्नासपेक्षा जास्त असू शकतात. प्रत्येकाला वेगळा कंप्रेसर दिला तर दुकानातच सगळी गरम हवा आणि आवाज साठेल. म्हणून सगळ्या कपाटांचे पाइप मशीन रूममध्ये नेऊन एका मोठ्या पाइपला जोडतात. या मोठ्या पाइपला हेडर म्हणतात.

आपल्या सोसायटीच्या पाण्याचं उदाहरण घ्या. प्रत्येक फ्लॅटला वेगळा पंप नसतो. खाली दोन-तीन पंप असतात आणि मागणी वाढली की दुसरा पंप सुरू होतो. रॅकचंही तसंच. दुपारी गर्दी असते, दारं सारखी उघडतात, तेव्हा चार कंप्रेसर चालतील. रात्री दुकान बंद झालं की दोनच पुरतात. किती चालवायचे हे कंट्रोलर ठरवतो. तो सक्शन प्रेशरवर, म्हणजे कंप्रेसरकडे परत येणाऱ्या गॅसच्या दाबावर लक्ष ठेवतो. दाब वाढला की आणखी एक कंप्रेसर चालू, दाब उतरला की एक बंद.

याचा एक मोठा फायदा असा की एखादा कंप्रेसर बिघडला तरी बाकीचे काही काळ भार ओढून नेतात. तोटाही तितकाच मोठा आहे. सगळं एकमेकांना जोडलेलं असल्यामुळे एका ठिकाणी मोठी गळती झाली तर त्या रॅकवरची सगळी कपाटं गरम होतात.

गॅसचा प्रवास

रेफ्रिजरंटला आपल्याकडचे मेकॅनिक सरळ 'गॅस' म्हणतात, आपणही तेच म्हणू. खरं तर तो या प्रवासात कधी वायू असतो, कधी द्रव.

१. कंप्रेसर: कमी दाबाचा वायू आत घेऊन जास्त दाबाचा आणि गरम करून सोडतो.

२. ऑइल सेपरेटर: वायूबरोबर कंप्रेसरमधलं थोडं तेलही बाहेर पडतं. ते इथे वेगळं होऊन परत कंप्रेसरकडे जातं.

३. कंडेन्सर: छतावरचे मोठे पंखे या वायूची उष्णता बाहेरच्या हवेत टाकतात. वायूचा द्रव होतो.

४. रिसीव्हर: द्रव साठवणारी टाकी. हिची पातळी टेक्निशियन सगळ्यात आधी बघतो.

५. लिक्विड लाइन: टाकीतून द्रव प्रत्येक कपाटाकडे जातो. वाटेत फिल्टर-ड्रायर ओलावा आणि कचरा अडवतो.

६. एक्सपान्शन व्हॉल्व्ह: इथे द्रवाचा दाब एकदम उतरतो आणि तो खूप थंड होतो.

७. इव्हॅपोरेटर कॉइल: कपाटातली उष्णता शोषून द्रव उकळतो, त्याचा पुन्हा वायू होतो आणि कंप्रेसरकडे परत निघतो.

लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट एवढीच: थंडी कुठून 'तयार' होत नाही. दुधाच्या कपाटातली उष्णता उचलून छतावर नेऊन टाकणं, एवढंच काम ही सगळी यंत्रणा करते.

दूध वेगळं, आइस्क्रीम वेगळं

दूध, भाजी, मांस यांना मध्यम तापमान लागतं आणि आइस्क्रीम, गोठवलेले पदार्थ यांना कमी तापमान. म्हणून बहुतेक ठिकाणी दोन प्रकारचे रॅक असतात.

मध्यम तापमानाच्या रॅकमध्ये कॉइलमधला गॅस साधारण उणे ७ अंशांच्या आसपास उकळतो. कमी तापमानाच्या रॅकमध्ये तो उणे ३० अंशांच्या आसपास. दूध ३-४ अंशांवर ठेवायचं असताना गॅस उणे ७ अंशांवर कशाला? कारण उष्णता गरम वस्तूकडून थंड वस्तूकडे वाहते. फरकच नसेल तर उष्णता हलणार नाही.

अमेरिकेच्या एफडीएच्या फूड कोडप्रमाणे नाशवंत पदार्थ ५ अंश सेल्सिअस किंवा त्याखाली ठेवायचे असतात. टेक्निशियनच्या डोक्यात हा आकडा कायम असतो. आकडा ओलांडून बराच वेळ गेला तर माल फेकून द्यावा लागतो. आणि न फेकता विकला तर कुणाच्या तरी घरात लहान मूल आजारी पडू शकतं. या कामाची खरी जबाबदारी इथे आहे.

डिफ्रॉस्ट: मुद्दाम बंद ठेवण्याची वेळ

थंड कॉइलवर हवेतला ओलावा बर्फ होऊन बसतो. बर्फ वाढला की हवा जात नाही, कॉइल असून नसल्यासारखी होते. म्हणून दिवसातून ठरावीक वेळा तो वितळवावा लागतो.

- ऑफ-सायकल: गॅस थांबवायचा, पंखे चालू ठेवायचे. दुधाच्या कपाटातली हवा शून्याच्या वर असल्यामुळे बर्फ आपोआप वितळतो.
- इलेक्ट्रिक: कॉइलजवळचे हीटर चालू करायचे. फ्रीझरसाठी हे वापरतात.
- हॉट गॅस: कंप्रेसरमधला गरम वायूच उलट कॉइलमध्ये सोडायचा.

डिफ्रॉस्ट चालू असताना कपाटाचं तापमान थोडं वाढतंच. नवीन मुलं इथे हमखास फसतात. तापमान चढलेलं दिसलं की लगेच व्हॉल्व्ह फिरवायला घेतात, आणि कपाट मात्र नुसतं डिफ्रॉस्टमध्ये असतं! म्हणून जुने टेक्निशियन सांगतात: आधी कंट्रोलर बघ, मग पाना हातात घे.

रात्री दोनचा अलार्म: निदान कसं करतात?

समजा, मोबाईलवर मेसेज आला: 'डेअरी केस ९ अंश'. आता काय?

पहिला प्रश्न एकच: एक कपाट, एक लाइन, की अख्खा रॅक? याचं उत्तर मिळालं की अर्धं निदान झालंच.

फक्त एकच कपाट गरम असेल तर दोष त्या कपाटातच शोधायचा. पंखा बंद पडलाय का? कॉइलवर बर्फ साचलाय का? ड्रेन तुंबलंय का? दुकानातल्या पोरांनी दुधाचे क्रेट एवढे रचलेत का, की हवा परत जाण्याची जाळीच झाकली गेली? हे शेवटचं कारण वाटतं त्यापेक्षा जास्त वेळा निघतं. दुरुस्तीचा खर्च शून्य, क्रेट हलवले की काम झालं.

एका लाइनवरची सगळी कपाटं गरम असतील तर त्या सर्किटकडे बघायचं. सोलेनॉइड व्हॉल्व्ह उघडला नाही? डिफ्रॉस्ट संपलंच नाही? त्या लाइनचा दाब सांभाळणारा व्हॉल्व्ह अडकलाय?

रॅकवरचं सगळंच गरम होत असेल तर धावत मशीन रूममध्ये. वीज आहे का, की एक फेज गेलाय? कंप्रेसर ट्रिप झालेत का? कंडेन्सरचे पंखे फिरतात का? रिसीव्हरमध्ये द्रव आहे का?

याच वेळी दुकानाच्या माणसाला सांगायचं की माल वॉक-इन कूलरमध्ये हलवा, कपाटांचे रात्रीचे पडदे ओढा. मोठा बिघाड असेल तर ड्राय आइस मागवतात. मशीन दुरुस्त करणं आणि माल वाचवणं, ही दोन्ही कामं एकाच वेळी चालू असतात.

नुसतं रीसेट करू नका

कंप्रेसर तेलाच्या दाबावरून ट्रिप झाला की एक लाल बटण दाबून तो परत चालू करता येतो. मोह होतोच. पण तेल गेलं कुठे? एखाद्या बर्फाने भरलेल्या कॉइलमध्ये ते अडकलेलं असू शकतं. कारण न शोधता तीन-चार वेळा रीसेट केलं तर बेअरिंग कोरडी पडून कंप्रेसर जाम होतो. मग पाच मिनिटांत घरी गेलेला टेक्निशियन दुसऱ्या दिवशी अख्खा कंप्रेसर बदलायला परत येतो.

सुपरहीट: एक आकडा, बरीच माहिती

या धंद्यातला सगळ्यात कामाचा हिशोब म्हणजे सुपरहीट. उदाहरणाने पाहू.

आर-४०४ए हा गॅस आहे. कॉइलच्या बाहेर गेजवर दाब दिसतो सुमारे ५५ पीएसआय. या दाबाला हा गॅस साधारण उणे ७ अंशांवर उकळतो. हे तक्त्यात किंवा ॲपमध्ये मिळतं. आता त्याच जागी पाइपचं तापमान मोजलं, ते आलं उणे २ अंश. दोन्हींतला फरक ५ अंश. हेच सुपरहीट.

याचा अर्थ काय?

- फरक ठीक असेल तर सगळा द्रव उकळून झाला आणि कॉइल पूर्ण वापरली गेली.
- फरक खूप जास्त असेल तर कॉइलला द्रव कमी पडतोय. गॅस कमी असेल, फिल्टर तुंबला असेल किंवा व्हॉल्व्ह नीट उघडत नसेल.
- फरक शून्याजवळ असेल तर न उकळलेला द्रव कंप्रेसरकडे चाललाय. कंप्रेसर वायू दाबण्यासाठी बनलेला असतो, द्रव दाबला जात नाही. आतल्या व्हॉल्व्ह प्लेटा तुटतात.

बघा, एक प्रेशर गेज आणि एक थर्मामीटर एवढ्यावर हे सगळं कळतं. म्हणून हात लावून 'पाइप थंड लागतोय, म्हणजे गॅस आहे' असं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

गळती: सगळ्यात मोठा शत्रू

अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेच्या, म्हणजे ईपीएच्या आकडेवारीनुसार तिथल्या एका साधारण सुपरमार्केटमध्ये सुमारे ३,५०० पौंड गॅस असतो. म्हणजे जवळपास १,६०० किलो. आणि त्यातला सरासरी २५% दरवर्षी गळून जातो. म्हणजे वर्षाला ४०० किलो!

याचं गांभीर्य समजायला एक हिशोब करू. आर-४०४ए चा १ किलो वायू हवेत गेला तर १०० वर्षांच्या काळात तो ३,९२२ किलो कार्बन डायऑक्साइडइतकी तापमानवाढ करतो. ४०० किलोला ३,९२२ ने गुणा. उत्तर येतं साधारण १,५६९ टन. एका दुकानाचं, एका वर्षाचं, तेही फक्त गळतीमुळे. वीज वेगळीच.

गळती होते कुठे? मैलभर पसरलेल्या पाइपांमध्ये जागा भरपूर:

- कंप्रेसरच्या थरथरीने पाइप क्लॅम्पवर घासून झिजतो
- फ्लेअर नट सैल होतात
- सर्व्हिस पोर्टचं टोपण परत लावायचं राहून जातं
- कपाट धुण्याच्या रसायनांनी कॉइलचं तांबं खराब होतं

आणि एक गंमत बघा. लहान गळती महिनोन्महिने कळत नाही, कारण रिसीव्हरमधला साठा ती झाकून ठेवतो. मग थंडीची पहिली लाट येते. थंडीत दाब टिकवण्यासाठी अनेक यंत्रणा कंडेन्सरमध्ये जास्तीचा द्रव अडवून ठेवतात. तेवढा द्रव टाकीतून कमी होतो आणि उन्हाळ्यात झालेली गळती डिसेंबरात अचानक अलार्म म्हणून समोर येते.

शोधायला इलेक्ट्रॉनिक डिटेक्टर वापरतात, पण नेमकी जागा दाखवायला साबणाचा फेस आजही तितकाच कामाचा. बुडबुडा आला की लीक सापडला.

तिथल्या नियमांप्रमाणे गॅस मुद्दाम हवेत सोडणं बेकायदेशीर आहे. तो रिकव्हरी मशीनने सिलिंडरमध्ये काढून घ्यावा लागतो. मोठ्या व्यावसायिक यंत्रणेची गळती वर्षाला २०% च्या वर गेली तर साधारण ३० दिवसांत दुरुस्ती करावी लागते. नुसता गॅस टॉप-अप करून निघून जाणं चालत नाही.

गॅस का बदलत गेले?

टेक्निशियनला एकाच कारकिर्दीत चार पिढ्यांचे गॅस बघावे लागतात.

- आर-१२ आणि आर-५०२: ओझोनच्या थराला घातक. १९८७ च्या माँट्रियल करारानंतर बंद होत गेले.
- आर-२२: ओझोनला कमी घातक, पण घातकच. अमेरिकेत १ जानेवारी २०२० पासून नवीन उत्पादन आणि आयात बंद.
- आर-४०४ए: ओझोनला धक्का नाही, पण तापमानवाढ प्रचंड.
- आर-४४८ए आणि आर-४४९ए: तापमानवाढीचा आकडा १,४०० च्या आत. जुन्या यंत्रणांमध्ये बदल करून वापरतात.
- सीओटू, म्हणजे आर-७४४: आकडा फक्त १.

हो, बरोबर वाचलंत. ज्या कार्बन डायऑक्साइडला आपण तापमानवाढीचा खलनायक समजतो, तोच इथे उपाय म्हणून आलाय. किलोमागे तो आर-४०४ए च्या तुलनेत नगण्य आहे.

पण सीओटूचा स्वभाव अवघड. ३१ अंश सेल्सिअसच्या वर कितीही दाब दिला तरी त्याचा द्रव होत नाही. मग छतावरचा कंडेन्सर फक्त वायू थंड करतो आणि दाब ९०-१०० बारपर्यंत किंवा त्याहून वर जातो. तुमच्या कारच्या टायरमध्ये साधारण २ बार दाब असतो, त्यावरून अंदाज घ्या. गरम देशांत हे परवडेबल करायला इजेक्टर, पॅरलल कंप्रेशन अशी तंत्रं वापरतात. आयआयटी मद्रासमध्येही नॉर्वेच्या संशोधकांबरोबर भारतीय हवामानासाठी सीओटू यंत्रणेवर काम झालं आहे.

मोबाईल आता टूलबॉक्समध्ये

तुमच्या आवडीचा भाग! पूर्वी दाब-तापमानाचं छापील कार्ड खिशात असायचं. आता:

- डॅनफॉसचं रेफ टूल्स ॲप: गॅस निवडा, दाब टाका, उकळण्याचं तापमान मिळतं. हे शिकण्यासाठी विद्यार्थीही वापरू शकतात.
- ब्लूटूथ गेज: टेस्टो, फिल्डपीस अशा कंपन्यांचे गेज दाब आणि तापमान थेट फोनवर पाठवतात, सुपरहीट आपोआप काढून देतात.
- रॅक कंट्रोलर: घरबसल्या लॉगिन करून तापमानाचा आलेख, कोणता कंप्रेसर किती वेळा चालू-बंद झाला हे बघता येतं.

आलेख वाचता येणं हे आज मोठं कौशल्य आहे. तापमान रोज ठरावीक वेळी चढतंय का? म्हणजे डिफ्रॉस्ट. हळूहळू दोन आठवडे चढतंय? म्हणजे बर्फ किंवा गळती. एकदम सरळ वर गेलं? म्हणजे काहीतरी बंद पडलं. मात्र सेन्सर स्वतःच खराब असू शकतो, म्हणून जागेवर गेल्यावर हातातल्या थर्मामीटरने खात्री करायचीच.

जिवावर बेतणाऱ्या चुका

हा भाग घाईत वाचू नका. यातल्या काही चुका आपल्याकडच्या गल्लीतल्या एसीच्या कामातही होतात.

१. ऑक्सिजनने प्रेशर टेस्ट: कधीही नाही. पाइपमध्ये तेल असतं. दाबाखालचा ऑक्सिजन आणि तेल एकत्र आले की स्फोट होतो. टेस्टसाठी कोरडा नायट्रोजनच, तोही रेग्युलेटर लावून.

२. गॅस असताना टॉर्च लावणं: ज्योतीने गॅसचं विघटन होऊन विषारी वायू तयार होतात. आधी गॅस काढा, मग ब्रेझिंग करा. ब्रेझिंग करताना पाइपमधून हळू नायट्रोजन सोडला तर आत काजळीही धरत नाही.

३. बंद खोलीत गळती: बहुतेक गॅस हवेपेक्षा जड असतात, खाली साचतात आणि ऑक्सिजन बाजूला सारतात. वास येईलच असं नाही. मशीन रूमचा डिटेक्टर वाजत असेल तर आत शिरायचं नाही. सहकारी आत पडला असेल तरी श्वसनाच्या साधनाशिवाय धावू नका, दोघंही जाल. बाहेर थांबून मदत बोलवा.

४. सीओटूचा द्रव दोन व्हॉल्व्हमध्ये कोंडणं: तो गरम होताच दाब झपाट्याने वाढतो आणि पाइप फुटू शकतो. शिवाय द्रव सीओटूचा दाब ५.२ बारच्या खाली आला की त्याचा ड्राय आइस होतो आणि मार्ग तुंबतो. प्रशिक्षण न घेता या यंत्रणेला हात लावू नये.

५. चालू विजेवर काम: रॅक थ्री-फेजवर चालतात. मेन स्विच बंद करा, त्याला स्वतःचं कुलूप आणि टॅग लावा, मग मीटरने वीज नाही हे तपासा. 'मी बंद केलंय' या कुणाच्या शब्दावर हात घालू नका.

६. हातमोजे आणि चष्मा न घालणं: द्रव गॅस त्वचेवर पडला की क्षणात हिमदंश होतो. डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते.

रोजचं काम कसं असतं?

फक्त आगी विझवणं नसतं. चांगल्या टेक्निशियनचा बराच वेळ देखभालीत जातो: कंडेन्सर धुणं, फिल्टर बदलणं, तेलाची पातळी आणि आम्लता तपासणं, सुपरहीट नोंदवणं, ड्रेन साफ करणं, गळतीची तपासणी.

दुरुस्तीनंतर यंत्रणा बंद करताना व्हॅक्यूम मारणं महत्त्वाचं. ५०० मायक्रॉनपर्यंत खाली जायचं, पंप बंद करून थांबायचं आणि आकडा वर चढतो का बघायचं. चढला तर ओलावा किंवा गळती शिल्लक आहे. इथे वाचवलेला अर्धा तास नंतर दहापट महाग पडतो.

कॉलची पाळी असते. पाळीच्या आठवड्यात दिवाळी असो की मुलाचा वाढदिवस, फोन आला की निघायचं. उन्हाळ्यात छतावर तापलेला पत्रा आणि पाच मिनिटांनी उणे २० अंशांचा फ्रीझर. गुडघे, कंबर, झोप यांची किंमत मोजावी लागते. हे आधी कुणी सांगत नाही, म्हणून आम्ही सांगतोय.

शिक्षण, परवाना आणि पगार

अमेरिकेत क्लीन एअर ॲक्टच्या कलम ६०८ खाली ईपीएमान्य परीक्षा द्यावी लागते. लहान उपकरणं, जास्त दाबाची यंत्रणा, कमी दाबाची यंत्रणा असे तीन प्रकार आहेत. तिन्ही पास झाले की युनिव्हर्सल प्रमाणपत्र मिळतं, त्याची मुदत संपत नाही. रॅकसाठी जास्त दाबाचा, म्हणजे टाइप दोन लागतो. परीक्षा सोपी, पण खरं शिक्षण अनुभवी माणसाच्या हाताखाली चार-पाच वर्षांत होतं.

तिथल्या कामगार आकडेवारी खात्याप्रमाणे मे २०२३ मध्ये एसी-रेफ्रिजरेशन मेकॅनिकची मध्यम वार्षिक कमाई ५७,३०० डॉलर होती. यात घरगुती एसीवालेही आले.

महाराष्ट्रातल्या मुलांसाठी मार्ग

आपल्याकडे मोठे रॅक अजून मोजक्या ठिकाणी आहेत. अनेक दुकानांत स्वतंत्र कंप्रेसरवाले फ्रीज असतात. पण हेच ज्ञान इतरत्र लागतं: नाशिकच्या द्राक्षांचं प्री-कूलिंग, दूध संघांचे प्लांट, आइस्क्रीमचे कारखाने, कोकणातली मासळीची कोल्ड स्टोरेज, औषधांची गोदामं, बंदरावरचे रीफर कंटेनर.

- पहिली पायरी: आयटीआयचा 'रेफ्रिजरेशन अँड एअर कंडिशनिंग टेक्निशियन' ट्रेड. दहावी पास, दोन वर्षं. राज्यातले प्रवेश व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालयाच्या ऑनलाइन प्रक्रियेतून होतात.
- दुसरी पायरी: अप्रेंटिसशिप. शक्यतो कोल्ड स्टोरेज किंवा डेअरीत. फक्त घरगुती एसीवर थांबू नका.
- तिसरी पायरी: थ्री-फेज कंट्रोल वायरिंग आणि कंट्रोलर शिका. गॅसचं काम येणारे पुष्कळ आहेत, दोन्ही येणारे कमी.

पुढची संधी कायद्यातून येतेय. तापमानवाढ करणारे एचएफसी गॅस कमी करण्याचा किगाली करार २०१६ मध्ये झाला आणि भारताने तो २०२१ मध्ये स्वीकारला. भारतात २०२८ ला वापर गोठवायचा, २०३२ पासून कपात सुरू आणि २०४७ पर्यंत ८५% कमी करायचा आहे. म्हणजे आज शिकणाऱ्याच्या अख्ख्या कारकिर्दीत गॅस बदलत राहणार. जो नवे गॅस शिकेल, त्याला काम राहील.

आखाती देशांत नोकरीचं आमिष दाखवणाऱ्यांपासून सावध राहा. परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट पोर्टलवर एजंट नोंदणीकृत आहे का हे बघितल्याशिवाय पैसे किंवा पासपोर्ट देऊ नका.

वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरच्या एसीचा मेकॅनिक रॅकवर काम करू शकतो का?
मूळ तत्त्व एकच, त्यामुळे शिकू शकतो. पण तेलाची व्यवस्था, डिफ्रॉस्ट, कंट्रोलर हे सगळं नवीन असतं. सुरुवातीला एकट्याने जाऊ नये.

गॅस दरवर्षी भरावा लागतो का?
नाही. गॅस पेट्रोलसारखा खर्च होत नाही. बंद चक्रात तोच फिरत राहतो. कमी झाला म्हणजे कुठेतरी गळती आहेच. तुमच्या घरच्या एसीलाही हेच लागू! 'दरवर्षी गॅस भरा' म्हणणाऱ्याला आधी लीक दाखवायला सांगा.

इंग्रजी किती लागतं?
मॅन्युअल आणि कंट्रोलरची स्क्रीन वाचता येण्याइतकं. रोज एक अलार्म कोड समजून घेतला तरी वर्षभरात पुरेसं होतं.

मुली हे काम करू शकतात का?
हो. आयटीआयचा हा ट्रेड मुलींसाठीही खुला आहे. जड वस्तू उचलायला साधनं असतात आणि निदान डोक्याने होतं.

शेवटचं

पुढच्या वेळी सुपरमार्केटमध्ये दुधाची पिशवी उचलाल तेव्हा कपाटाच्या कोपऱ्यातला छोटा थर्मामीटर बघा. आकडा ४ च्या आसपास असेल तर समजा, मागच्या खोलीत रॅक नीट चालू आहे. आणि ८-९ दिसला, जाळीसमोर क्रेट रचलेले दिसले, तर दुकानाच्या माणसाला सांगा. तेवढ्याने कदाचित रात्री दोनचा एक फोन टळेल.